मानक समित्यांच्या वृत्तान्तांसाठी संपादक कसा निवडावा

तांत्रिक मानके ठरवणाऱ्या समित्यांच्या बैठकांचे वृत्तान्त मराठीत काढायचे ठरले की पहिली चूक बहुधा एकच होते, ती म्हणजे समितीवर बसणाऱ्या अभियंत्यालाच संपादक नेमले जाते. गोव्यातील लहान कारखानदारांसाठी असे वृत्तान्त काढणाऱ्या आमच्या गटानेही आरंभी तेच केले. आमच्या संपादकाला विषय इतका पाठ होता की मसुदा कोणत्या टप्प्यावर आहे हे लिहिण्याची गरजच त्याला वाटत नसे, आणि वेर्णा किंवा कुंडई येथील औद्योगिक वसाहतीत बसलेला वाचक मात्र नवे मानक लागू झाले असे समजून फोन करत असे.

म्हणून जाहिरात देण्यापूर्वी काम नेमके काय आहे ते अर्ध्या पानात लिहून काढावे. संपादकाने स्वतः बैठकांना जायचे नसते. जाणाऱ्यांकडून मजकूर वेळेवर मिळवायचा आणि मसुदा कुठवर आला, आधीच्या मसुद्यापेक्षा काय बदलले, मत कोणत्या तारखेपर्यंत कळवता येईल, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यात आहेत की नाहीत हे पाहायचे, एवढे त्याचे काम असते. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेत प्रस्ताव, कार्यमसुदा, समितीचा मसुदा, आंतरराष्ट्रीय मानकाचा मसुदा अशी वाटचाल असते. यांतील शेवटच्या टप्प्यावर १२ आठवडे मतदान चालते आणि समितीच्या सहभागी सदस्यांपैकी मत देणाऱ्यांचा दोन-तृतीयांश पाठिंबा लागतो, शिवाय एकूण मतांपैकी विरोधी मते एक-चतुर्थांशाहून अधिक असून चालत नाही. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोचे मानक प्रसिद्ध झाले तरी ते सामान्यतः ऐच्छिकच असते. केंद्र सरकारने गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला की ते सक्तीचे होते. ‘मंजूर’, ‘प्रसिद्ध’, ‘लागू’ आणि ‘सक्तीचे’ हे चार शब्द जो एकमेकांच्या जागी वापरतो, त्याची भाषा कितीही देखणी असली तरी तो या कामाचा नव्हे.

उमेदवार शोधताना पणजीतील मराठी दैनिकांचे उपसंपादक पहिल्यांदा आठवतात. त्यांचा हात जलद असतो, पण रात्रपाळीमुळे त्यांची वेळ आणि समितीवर जाणाऱ्यांची वेळ जुळत नाही. फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थेतून निवृत्त झालेले प्राध्यापक विषय जाणतात, मात्र दुसऱ्याच्या लेखनातला पाल्हाळ कापताना काहींचा हात अडतो. माझ्या मते सर्वांत उपयोगी माणूस औषध कारखान्याच्या दर्जा विभागात सापडतो, कारण कोणत्या कागदाची कोणती आवृत्ती चालू आहे हे तपासल्याशिवाय पुढे न जाण्याची सवय त्याच्या अंगात मुरलेली असते. त्याचे मराठी थोडे कच्चे असले तर ते सुधारता येते.

मुलाखतीपेक्षा चाचणीवर भर द्यावा. सुमारे ५०० शब्दांचा कच्चा वृत्तान्त मुद्दाम दोष पेरून तयार करावा आणि तो घरी नेऊन दुरुस्त करायला द्यावा. एका ठिकाणी मानकाचा क्रमांक वर्षाविना लिहावा. काँक्रीटविषयीच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाची १९७८ ची आवृत्ती आणि २००० ची आवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे उमेदवाराला ठाऊक नसले तरी चालेल, पण ‘वर्ष कोणते?’ असे त्याने समासात विचारायला हवे. दुसऱ्या ठिकाणी ‘समितीत एकमत झाले’ असे लिहावे. आयएसओच्या व्याख्येप्रमाणे समितीची सहमती म्हणजे महत्त्वाच्या मुद्द्यांवर टिकून राहिलेला विरोध नसणे. सगळ्यांचे एकच मत असणे तिला आवश्यक नाही. चांगला उमेदवार तेथे थांबतो.

खरी कसोटी क्रियापदांची आहे. आयएसओ आणि विद्युत क्षेत्राची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणारी आयईसी यांच्या लेखननियमांत ‘शॅल’ म्हणजे आवश्यकता, ‘शूड’ म्हणजे शिफारस, ‘मे’ म्हणजे मुभा आणि ‘कॅन’ म्हणजे शक्यता असे अर्थ बांधून दिलेले आहेत. मराठीत पंचाईत होते ती ‘करावे’ या रूपाने. सरकारी सूचनेत ‘अर्ज सात दिवसांत सादर करावा’ म्हणजे सादर केलाच पाहिजे. तेच रूप घरात ‘संध्याकाळी जरा फिरून यावे’ असे आले की निव्वळ सल्ला ठरते. (या लेखाच्या शीर्षकातील ‘निवडावा’ हा सल्लाच समजावा.) चाचणीच्या मजकुरात ‘वायरिंगची तपासणी दरवर्षी करावी’ असे वाक्य घालावे आणि मूळ इंग्रजी कलम सोबत जोडू नये. जो उमेदवार ते वाक्य सफाईदार करून पुढे सरकतो त्याला नमस्कार करून निरोप द्यावा, आणि जो मूळ कलम मागवून घेतो व मग ‘करणे बंधनकारक आहे’ किंवा ‘करणे इष्ट आहे’ यांपैकी एक निवडतो त्याचा अर्ज वेगळा काढून ठेवावा.

मुलाखतीत दोन गोष्टी मात्र स्पष्ट विचाराव्यात. पहिली, त्याच्या मालकाचा किंवा नातलगाचा धंदा त्या मानकाशी निगडित आहे काय. असल्यास तेवढे विषय दुसऱ्याकडे द्यावे लागतात. गोवा लहान आहे, आणि अशी नाती लपत नाहीत. दुसरी, गोपनीयतेची जाण. इंटरनेटची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या आयईटीएफची चर्चा सर्वांना खुली असते, तर आयएसओ समितीची कामाची कागदपत्रे बाहेर वाटण्यासाठी नसतात. बैठकीत कोण काय बोलले हे नावानिशी छापू नये, एवढे उमेदवाराला न सांगता सुचले तर उत्तम.

मानधन महिन्यावर न ठरवता प्रत्येक वृत्तान्तामागे ठरवावे, कारण समित्यांच्या बैठका सारख्या अंतराने होत नाहीत. मुदतीचा हिशोब मात्र कडक ठेवावा. जागतिक व्यापार संघटनेच्या मानकविषयक आचारसंहितेत मसुद्यावर मते देण्यासाठी किमान ६० दिवसांची अपेक्षा आहे. त्यातले ४० दिवस आपल्याच टेबलावर गेले तर वाचकाच्या हाती काही उरत नाही. आम्ही मसुदा खुला झाल्यापासून १५ दिवसांची मर्यादा घातली आहे.

नेमणूक प्रथम तीन वृत्तान्तांपुरती करावी. नेमणूकपत्रात एक ओळ विसरू नये: संपादित मजकूर बैठकीस गेलेल्या सदस्याला दोन दिवस पाहायला मिळेल, तांत्रिक चूक त्याने दाखवल्यास ती दुरुस्त होईल, आणि वाक्यरचनेबाबत संपादकाचा शब्द अखेरचा राहील.