ऑक्युपेशनल थेरपीचे विद्यार्थी हाताखाली येतात तेव्हा

गुरुवारी सकाळी साडेआठला आमच्या जळगावच्या क्लिनिकात एका पेशंटभोवती सहा जण उभे असतात. फिजिओथेरपीचे दोन, स्पीच थेरपीची (वाचा आणि गिळण्यावरचे उपचार) एक, नर्सिंगची एक, समाजकार्याचा एक आणि आमचा ऑक्युपेशनल थेरपीचा एक, सगळे विद्यार्थी. पेशंट यावल नाहीतर पारोळ्याहून एसटीने आलेला. एवढे पांढरे कोट बघून त्याला वाटतं, आपलं काही खरं नाही.

या गर्दीत सगळ्यात आधी हरवतो तो आमचा विद्यार्थी. फिजिओवाल्याकडे पाय असतो, स्पीचवालीकडे जीभ. आमच्याकडे असं बोट ठेवून दाखवता येईल असं काहीच नसतं. मग तो गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायची पट्टी) काढून खांद्याचे अंश मोजत बसतो आणि दुसरा फिजिओ होतो, नाहीतर लहान मूल आलं की खेळण्यांचा डबा सांभाळतो. तुमच्या हाताखाली पहिल्यांदाच विद्यार्थी येणार असतील तर बाकी काही जमो न जमो, त्याचा प्रश्न त्याच्याच हातात राहील एवढं बघा. तो प्रश्न म्हणजे, या माणसाला घरी जाऊन काय करायचंय आणि ते नेमकं कुठे अडतंय.

पोस्टिंग सुरू होण्याआधी

एका वेळी दोन घ्या. एकटा असला की तो दिवसभर तुमच्या तोंडाकडे बघतो, दोघे असले की आधी एकमेकांना विचारतात. तीन झाले की एक जण मोबाइलमध्ये शिरतो.

पेशंट निवडताना ‘इंटरेस्टिंग केस’चा मोह टाळा. लकव्याचा एक, हाताच्या दुखापतीचा एक आणि शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडून (जिथे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार होतात) आलेलं एखादं मूल, एवढं सहा आठवड्यांना भरपूर होतं. ऑक्युपेशनल थेरपिस्टांच्या जागतिक संघटनेच्या मानकाप्रमाणे पदवीपर्यंत किमान १००० तासांचं प्रत्यक्ष काम व्हावं लागतं, म्हणून काही पर्यवेक्षक तास भरण्याच्या मागे लागतात. एकाच माणसाला सहा आठवडे नीट बघितलेलं पोर पुढे कामाला येतं, हा माझा अनुभव.

पेशंटची परवानगी तुम्ही स्वतः विचारा, आणि विद्यार्थी समोर नसताना विचारा. आपल्याकडे कोटवाल्याला तोंडावर ‘नको’ कोणी म्हणत नाही. बाजूला घेऊन ‘जिभाऊ, हा पोरगा शिकतोय, त्याने हात धरलेला चालंल ना?’ असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. आणि विद्यार्थ्याला स्पष्ट सांगून ठेवा की नोंद त्याने लिहायची, पण सही माझी. काही चुकलं तर जबाब मलाच द्यायचाय.

पहिला आठवडा

पहिल्या दिवशी मी एकच काम देते. आपण काय करतो ते दोन वाक्यांत सांग, एकही इंग्रजी शब्द न वापरता, माझ्या आयाबाईला कळेल असं. आमच्या आयाबाई अहिराणी बोलतात आणि न पटलेलं चेहऱ्यावर लपवत नाहीत. मुंबई-पुण्याकडची मुलं ‘दैनंदिन क्रियाकलापांतील स्वावलंबन’ म्हणतात, की बाई पदर तोंडाला लावून हसतात. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात कोणीतरी म्हणतं, ‘आजारपणाने तुमचं जे काम सुटलं, ते परत करता यावं म्हणून मी मदत करते.’ तेवढं पुरे.

सोबत चार-सहा अहिराणी शब्द शिकवा. ‘आठे बठा’, ‘काय व्हयनं?’, ‘भाकर कोन करस?’ उच्चार चुकले तरी पेशंट सैल होतो. नंदुरबारकडून येणाऱ्यांत पावरी-भिली बोलणारे असतात, तिथे सोबत आलेल्या माणसाला मध्ये घ्यावंच लागतं. पण नातेवाईक पेशंटच्या वतीने काय काय उत्तरं देऊन टाकतो, तेही विद्यार्थ्याला बघायला लावा.

या आठवड्यात विद्यार्थ्याने हात लावायचा नाही, फक्त बघायचं. नुसतं ‘बघ’ म्हटलं तर तो भिंतीला टेकून उभा राहतो, म्हणून बघण्याला काम लावा. चप्पल कुठल्या हाताने काढली? पाण्याचा ग्लास दिल्यावर दुसरा हात कुठे होता? पिशवी कोणी धरली होती?

परातीची गोष्ट

गेल्या वर्षी साठीच्या एक मावशी आल्या. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. विद्यार्थिनी मुंबईची, हुशार. तिने पेग-बोर्ड, म्हणजे भोकांत खुंट्या लावायची फळी, पुढे ठेवला. मावशी डाव्या हाताने खुंट्या लावत राहिल्या, काढत राहिल्या. ‘जमतंय ना?’ – मान हलवून ‘हो’. ‘आवडतंय?’ – ‘हो’. नोंदीत लिहिलं गेलं, ‘रुग्णाचे सहकार्य उत्तम.’

मला ते खटकलं होतं, पण मी तोंड उघडलं नाही. दोन दिवसांनी गुरुवारच्या बैठकीत स्पीचची विद्यार्थिनी म्हणाली, ‘या मावशी सगळ्यालाच हो म्हणतात. मी विचारलं, तुम्ही पुरुष आहात का, तरी हो.’ आमच्या पोरीचा चेहरा पडला. आठवडाभराची तिची सगळी माहिती त्या ‘हो’वर उभी होती.

बैठकीनंतर त्या दोघींनी मिळून जे केलं ते मी सांगितलेलं नव्हतं. टेबलावर वस्तू मांडल्या: झाडू, सुई-दोरा, पोथी, कंगवा, परात. एक शब्दही न बोलता थांबल्या. मावशींनी डाव्या हाताने परात ओढली आणि तळव्याने रिकाम्या परातीत दोनदा थापटलं. सून मागून म्हणाली, ‘कळण्याची भाकरी त्यांच्यासारखी घरात कोणाला येत नाही.’

पुढच्या वेळी पोरीने ज्वारी-उडदाचं पीठ आणलं, स्वयंपाकाच्या ओट्यासमोर मावशींना उभं करायची तयारी केली. फिजिओचा विद्यार्थीही खूश, त्याला उभं राहण्याचा तोल हवाच होता. इथे मी एकच प्रश्न विचारला, ‘यांची चूल कुठे आहे?’ दोघांनी एकमेकांकडे बघितलं. सुनेला विचारलं तर चूल अंगणात, जमिनीवर. म्हणजे मावशींना पाटावर बसून थापायचं होतं. खरी अडचण होती पाटावर बसण्याची आणि तिथून उठण्याची. तो भाग फिजिओवाल्याने घेतला. परात सरकू नये म्हणून पोरीने खाली ओलं फडकं घातलं. न घसरणारी मॅट महाग पडते आणि फडकं प्रत्येक घरात असतं. लुळा हात मांडीवर लोंबत न ठेवता परातीच्या काठावर टेकवला. पहिली भाकरी फाटली. पोरगी मदतीला वाकली तर मावशींनी तिचा हात झटकला. त्या दिवशीची नोंद वाचण्यासारखी होती.

पर्यवेक्षकाचं काम बहुतेक असंच असतं. एक प्रश्न विचारायचा आणि बाकी वेळ हात खिशात ठेवायचे.

हात खिशात कधी ठेवायचे नाहीत

पेशंटसमोर विद्यार्थ्याला मध्येच थांबवायचं नाही, हा नियम मी पाळते. त्याला अपवाद आहेत ते इजेचे. व्हीलचेअरचा ब्रेक लावलेला नाही. लकव्याच्या पेशंटला काखेत हात घालून, दुबळ्या खांद्याने ओढून उठवतोय. पाणी पाजताना ठसका लागतोय आणि हा दुसरा घोट देतोय. अशा वेळी पेला बाजूला ठेवून स्पीचवाल्यांना हाक मारायची. आणि कडबाकुट्टीत बोटं गेलेला शेतकरी. टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) शिवून थोडेच आठवडे झालेत आणि विद्यार्थी उत्साहात म्हणतोय, ‘दादा, घट्ट मूठ आवळा.’ शिवलेलं टेंडन तिथेच तुटू शकतं. अशा हाताचं काय, कधी, किती हलवायचं हे सर्जनच्या नोंदीवरून ठरतं. ती वाचल्याशिवाय स्प्लिंटचा (हात ठरावीक स्थितीत धरून ठेवणारा आधार) पट्टाही सोडायचा नाही.

यासाठी आमच्याकडे एक खुणेचं वाक्य आहे. मी म्हणते, ‘पाणी गरम झालंय का बघ जरा.’ विद्यार्थी हातातलं थांबवून बाहेर येतो. पेशंटला वाटतं, खरंच पाण्याचं काही असेल. विद्यार्थ्याची आब राहते आणि पेशंटचा हातही.

हे वाक्य मला सुचलं ते माझ्याच चुकीतून. सुरुवातीच्या वर्षांत एक मुलगा स्प्लिंट करत होता. स्प्लिंटचा प्लास्टिकचा पत्रा साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात मऊ होतो, बाहेर काढला की मिनिटाभरात-दोन मिनिटांत घडवावा लागतो. त्याची गडबड झाली, अंगठ्याचा भाग वाकडा बसायला लागला. मी पुढे होऊन त्याच्या हातातून तो घेतला, झटक्यात नीट केला, वर पेशंटला म्हणाले, ‘आता बघा कसा बसला.’ उरलेले चार आठवडे त्या मुलाने पाण्याच्या भांड्याकडे पाहिलं नाही. आता मी आधी वर्तमानपत्राच्या कागदावर नमुना कापायला लावते, मग दोघांना एकमेकांच्या हातावर स्प्लिंट करायला देते. वाकडा झाला तर परत गरम करता येतो, वेळ लागला तर लागू दे.

(जाता जाता: मे महिन्यात पेशंटला बजावून सांगायला शिकवा, स्प्लिंट गाडीच्या डिकीत ठेवायचा नाही. आमच्या उन्हात तो डिकीतच आकार सोडतो.)

बैठकीत बोलायला लावणं

टीमच्या बैठकीत आमच्या विद्यार्थ्याला दोन मिनिटं मिळतात. आदल्या दिवशी ती माझ्यासमोर म्हणून घ्यायची. नियम एकच, आधी काम, मग सांधा. ‘खांदा नव्वद अंशांपर्यंत उचलला जातो’ अशी सुरुवात झाली की मी थांबवते. ‘दादांना कापूस वेचायला जायचंय, बोटांच्या टोकांना कळत नाही, त्यामुळे वाळलेल्या बोंडाचं टोक रुततं ते रक्त आल्यावरच दिसतं’ अशी सुरुवात झाली की नर्सिंगची मुलगी जखमेबद्दल आपणहून विचारते आणि समाजकार्याचा विद्यार्थी दिव्यांग प्रमाणपत्राचं काढतो. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, ते त्याला आमच्यापेक्षा चांगले पाठ असतात.

मतभेद झाले तर होऊ द्या. विद्यार्थी फिजिओच्या विद्यार्थ्याशी वाद घालत असेल तर मध्ये पडून निकाल देऊ नका. तुमचं आणि फिजिओच्या पर्यवेक्षकाचं बिनसलं असेल तर ते चहाच्या वेळी मिटवा. मोठ्यांची धुसफूस पोरं लगेच उचलतात.

सांगायचं कसं

सत्र संपलं की लगेच, व्हरांड्यात, पाच मिनिटं. पहिला प्रश्न, ‘तुला काय दिसलं?’ दुसरा, ‘कशावरून?’ या दोन प्रश्नांत निम्म्या चुका त्याच्या त्यालाच सापडतात. मग एक बरोबर गोष्ट आणि एक चुकलेली सांगायची, दोन्ही नेमक्या. ‘छान केलंस’ याचा उपयोग शून्य. ‘आजी दमल्या हे तू त्या बोलण्याआधी ओळखलंस आणि थांबलीस’ हे ती विसरत नाही.

कोणी नापास होण्याच्या वाटेवर असेल तर तिसऱ्या आठवड्यात सांगा, लेखी द्या, काय सुधारलं तर पास होशील तेही लिहा. शेवटच्या दिवशी धक्का देणं हा आपला आळस असतो.

गुणांच्या मोजपट्ट्यांचं एक सांगते. स्वतःच्या कामाला एक ते दहात गुण द्या म्हटलं की आमचे म्हातारे गोंधळतात. ‘रुपयात किती आणे जमतंय?’ विचारलं की पटकन ‘सहा आणे’ येतं. विद्यार्थ्याने तसं विचारावं, मात्र कसं विचारलं ते नोंदीत लिहावं. दरवेळी तसंच विचारावं, नाहीतर तुलना करता येत नाही.

आणि एसटीचं वेळापत्रक भिंतीवर लावा. विद्यार्थी तासाचं सत्र आखतो, पेशंटची गाडी पस्तीस मिनिटांनी असते. ती चुकली तर पुढची दुपारनंतर. तेवढ्या वेळात काय गाळायचं, ही परीक्षा मी प्रत्येकाची घेते. कापूस वेचणीच्या दिवसांत पेशंटच कमी होतात, तेव्हा घरी करायचं एका पानावर चित्रं काढून द्यायला लावते.

शेवटच्या दिवशी जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी रजिस्टरमध्ये एक पान लिहायचं, मराठीत. मुंबईच्या त्या पोरीचं पान अजून आहे. वर मावशींचं वय, निदान, स्प्लिंटच्या वेळा. खाली लाल पेनाने: ‘यांचा हो धरू नका. वस्तू समोर ठेवा. पीठ डाव्या कपाटात, दुसऱ्या डब्यात. चाळून घ्या.’