क्रोशाच्या पॅटर्नमधली अक्षरं कशी वाचायची नि गेज कसं काढायचं

आमच्याकडे गुहागरला क्रोशा शिकायचा म्हणजे पावसात पडवीत आजीच्या शेजारी बसायचं, ती म्हणणार "तीन साखळ्या घाल, आता खांब घाल" आणि आपण बघून बघून घालायचं. कागद कुठे नव्हताच. त्यामुळे आता नेटवरून पॅटर्न उतरवला की हात चांगला चालणाऱ्या बायकासुद्धा पहिल्याच ओळीला अडतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण त्या अक्षरांमागे जे टाके आहेत ते त्यांना येतच असतात, फक्त नावं वेगळी असतात.

तर आधी नावं जुळवून घ्या. सीएच म्हणजे चेन, आपली साखळी. एसएल एसटी म्हणजे स्लिप स्टिच, नुसता जोडायला घालतो तो. एससी म्हणजे सिंगल क्रोशे, आपला मुका खांब, सुईवर आधी वेढा न घेता घालायचा. एचडीसी म्हणजे अर्धा खांब, वेढा घ्यायचा पण शेवटी तिन्ही लूपमधून एकदमच दोरा काढायचा. डीसी म्हणजे डबल क्रोशे, आपला नेहमीचा खांब, एक वेढा आणि मग दोन-दोन लूप काढत जायचं. टीआर म्हणजे दोन वेढ्यांचा उंच खांब. बाकी एसटी म्हणजे टाका, एसके म्हणजे तो टाका सोडून द्या, इंक म्हणजे एकाच टाक्यात दोन, डेक म्हणजे दोन टाक्यांचा एक, आणि रेप म्हणजे परत तेच करा.

आता इथे खरी मेख आहे, ती नीट वाचा. वर दिली ती अमेरिकन नावं. ब्रिटिश पॅटर्नमध्ये हीच अक्षरं एक पायरी सरकतात, म्हणजे अमेरिकन एससी ते ब्रिटिश डीसी, अमेरिकन डीसी ते ब्रिटिश टीआर, अमेरिकन एचडीसी ते ब्रिटिश एचटीआर. म्हणजे नुसतं डीसी लिहिलेलं दिसलं तर तो मुका खांब पण असू शकतो नि पूर्ण खांब पण! ओळखायचं कसं, तर सगळ्या पॅटर्नवरून नजर फिरवा आणि एससी कुठे दिसतं का बघा. दिसलं तर अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत सिंगल क्रोशे हे नावच नाही. आणि गेजच्या (म्हणजे ठराविक सेंमीत किती टाके नि ओळी बसतात त्या मापाच्या) जागी टेन्शन असा शब्द असेल तर बहुतेक ब्रिटिश समजा.

एक ओळ उलगडून बघू. समजा अमेरिकन पॅटर्नमध्ये लिहिलंय, "सीएच ३, डीसी इन नेक्स्ट ५ एसटी, *सीएच २, एसके २ एसटी, डीसी इन नेक्स्ट एसटी, रेप फ्रॉम *". म्हणजे तीन साखळ्या घाला (या तीन साखळ्या बहुतेक वेळा पहिला खांब म्हणून मोजतात, पॅटर्नच्या सुरुवातीच्या सूचनांत ते लिहिलेलं असतं, बघून घ्या), पुढच्या पाच टाक्यांत एकेक खांब, मग दोन साखळ्या, खालचे दोन टाके सोडा, तिसऱ्यात खांब. फुलीपासून पुढचं परत परत करत जायचं. आणि हे काय तयार झालं? आपली जाळी! रुमालाला घालतो तीच चौकोनी जाळी.

आता गेज. हे सगळे टाळतात, मी पण टाळलं होतं. गणपतीला दारावर लावायला तोरण करायला घेतलं, दार ९० सेंमी रुंद, पॅटर्नमध्ये १० सेंमीत १६ खांब दिलेले म्हणून हिशोबाने १४४ खांबांची पट्टी विणली. माझा हात सैल, १० सेंमीत १४च खांब बसत होते, पट्टी झाली जवळजवळ १०३ सेंमी! चतुर्थीला दोन दिवस राहिलेले नि ती पट्टी दारावर मधोमध लोंबत होती, सगळी उसवली.

म्हणून आधी नमुन्याचा चौकोन विणाच. त्याच दोऱ्याने, त्याच सुईने, २६ साखळ्या घाला, सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब घाला, म्हणजे सुटलेल्या तीन साखळ्या धरून २४ खांब होतात, आणि चौकोन साधारण १५ सेंमीचा होईपर्यंत ओळी घाला. अगदी दहाचाच विणू नका, कडेचे टाके वेडेवाकडे येतात, मोजायचं मधलं. मग तो धुवा. धुतल्यावर सूत बदलतं, आणि श्रावणात आपल्याकडे काहीच वाळत नाही, तेव्हा टॉवेलवर सपाट पसरून पंख्याखाली ठेवा, दोरीवर टांगू नका, ओल्या वजनाने ताणतो. वाळला की न ओढता सपाट ठेवून मोजपट्टी लावा, १० सेंमीवर दोन टाचण्या टोचा आणि मधले खांब मोजा, अर्धा आला तर अर्धा धरा. ओळीही तशाच उभ्या मोजा.

पॅटर्नपेक्षा टाके जास्त आले तर हात घट्ट आहे, मोठी सुई घ्या. कमी आले तर सैल आहे, लहान सुई घ्या. मी ४ मिमीची सोडून साडेतीनची घेतली तेव्हा १६ बसले. हात मुद्दाम आवळून विणायला जाऊ नका, दोन ओळींनंतर तो मूळ पदावर येतोच, सुईच बदला. आणि सुई घेताना मिमीचा आकडा बघा, अमेरिकन पॅटर्नमध्ये सुईला एच, जी अशी अक्षरं असतात त्यात गोंधळ होतो.

खेळणी, बाहुल्या करताना माप थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं, तिथे टाके दाट हवेत म्हणजे आतला कापूस दिसत नाही. पण टोपरं, झबलं, तोरण असं कोणाच्या तरी मापाचं असेल तर चौकोन हवाच. आणि तो उसवू नका, सुईचा नंबर नि दोऱ्याचं नाव लिहून चिठ्ठी टाचा आणि डब्यात ठेवून द्या, पुढच्या वेळी तोच दोरा आणलात की लगेच कामाला येतो.