वॉटर स्की रेसिंग शिकताय? वेग वाढवण्याआधी या चुका टाळा

ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीवर फेब्रुवारीत 'सदर्न 80' नावाची शर्यत होते. टोरमबेरी ते एचुका, नदीच्या वळणांतून साधारण 80 किलोमीटर. एका बोटीमागे दोर धरून पाण्यावरून स्कीवर (पायाला बांधलेल्या लांब फळीवर) घसरत जाणारे दोन स्कीअर, आणि सर्वांत वेगवान गटात ताशी दीडशे किलोमीटरच्या वर वेग. मेलबर्नहून एचुका गाडीने अडीच-तीन तासांवर. काठावरून हे पाहिलं की आपणही करून बघावं असं वाटणारच. पण नवशिक्यांच्या बहुतेक चुकांचा त्या वेगाशी काही संबंध नसतो. बऱ्याच तर पाण्यात नव्हे, बोटीत होतात.

ऑब्झर्व्हर म्हणून कुणालाही बसवणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक. ड्रायव्हर पुढे बघतो, स्कीअर मागे असतो, इंजिनाच्या आवाजात ओरडून काही ऐकू जात नाही. दोघांमधला दुवा म्हणजे मागे तोंड करून बसलेला ऑब्झर्व्हर. त्याने फोन काढून व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली की स्कीअर त्या बोटीमागे एकटा पडला म्हणून समजा. शर्यतीत वेग वाढवायचा की उतरवायचा, हे स्कीअरच्या खुणेवरून तोच ड्रायव्हरला सांगतो. स्कीअर पडला की झेंडा वर करून मागच्या बोटींना सावध करणंही त्याच्याकडेच.

खुणा काठावरच पक्क्या करा. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा, डोक्यावर थाप म्हणजे परत चला. पडल्यावर ठीक असाल तर लगेच हात वर करा. हात दिसला नाही तर काहीतरी बिघडलंय असं धरूनच बोट वळते.

उभं राहायची घाई

पाण्यातून उठताना पुन्हा पुन्हा तोंडावर आपटत असाल, तर बहुधा तुम्ही हँडल छातीकडे ओढताय किंवा गुडघे लवकर सरळ करताय. हात लांब ठेवा, गुडघे छातीजवळ, नजर बोटीवर. उठवण्याचं काम बोटीचं आहे, ते तिला करू द्या. दोर ताणला जाण्याआधी 'हिट इट' (म्हणजे 'बोट सोड') म्हणून ओरडू नका. सैल दोराला अचानक हिसका बसला की खांदा दुखावतो.

हात भरून येतात?

मग तुम्ही अजून हातांनीच दोर धरताय. रेसिंगच्या दोराला सहसा दोन हँडल असतात, एक पुढे आणि एक पाठीमागे. मागच्या हँडलमुळे ओढ कंबर आणि पाठीवर जाते. ती पकड आधी कमी वेगात शिका, आणि तिच्याबरोबरच दोन्ही हात एकदम सोडायलाही शिका. दोर मनगटाला गुंडाळणं कधीही नाही, अगदी गमतीतही नाही.

स्की थरथरते

भीती वाटली की माणूस मागे झुकतो आणि पाय ताठ करतो. स्कीचं टोक उचललं जातं, मग ती आणखी हलते. अंगठा खाली करून वेग उतरवा, गुडघे वाकवा, वजन पुढच्या पायाकडे न्या. तरीही थरथर राहिली तर काठावर येऊन फिन (स्कीखालचं पातं) आणि बाइंडिंगचे (पाय अडकवायच्या पट्ट्यांचे) स्क्रू तपासा. मित्राची स्लालमची (बॉयांमधून वळणं घेत जायच्या प्रकाराची) स्की घेऊन आला असाल तर कारण तिथेच आहे. ती वळण्यासाठी बनवलेली असते, आणि स्लालममध्ये पुरुषांसाठीही वेगाची कमाल ताशी 58 किलोमीटर आहे. रेसिंगची स्की लांब, बरेचदा दोन मीटरच्या पुढची आणि सरळ धावणारी असते.

विक्रम बघून सराव ठरवणं

1983 मध्ये क्रिस्टोफर मॅसीने न्यू साउथ वेल्समधल्या हॉक्सबरी नदीवर ताशी 230.26 किलोमीटर वेग गाठला. आकडा थरारक आहे, पण नवशिक्याला त्यातून शिकण्यासारखं फारसं नाही. त्यापेक्षा दुसऱ्या बोटींच्या लाटा गुडघ्यांवर झेलत लांब अंतर न पडता जाणं जमवा. कॅलिफोर्नियातली कॅटलिना शर्यत लाँग बीचहून कॅटलिना बेटापर्यंत जाऊन परत येते, जाऊन-येऊन सुमारे 100 किलोमीटर, तेही उघड्या समुद्रात. तिथे पाय आधी थकतात, हिंमत नंतर.

फक्त लाइफ जॅकेट घालून उतरणं

वेगात पाणी कठीण होतं. हेल्मेट आणि तरंगायला मदत करणारा जाड वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) सरावालाही घाला. साध्या पोहण्याच्या चड्डीवर तर मुळीच उतरू नका. वेगात बसक्या अवस्थेत पडलं की पाणी दाबाने शरीरात शिरून आतली इजा होऊ शकते. याबद्दल लाजून कुणी बोलत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.