जुन्या बाइकला सायकलचा ट्रिप मीटर

बऱ्याच जुन्या बाइकना ट्रिप मीटर (हवं तेव्हा शून्यावर आणता येणारा किलोमीटर-मोजक) नसतो, म्हणून टाकी भरल्यावर किती किलोमीटर झाले ते लक्षात ठेवावं लागतं. सायकलचा वायरवाला स्पीडोमीटर हे काम छान करतो. वायरलेस नको, इंजिनच्या स्पार्कमुळे त्याचे आकडे भरकटू शकतात. विकत घेण्याआधी हँडलपासून पुढच्या चाकापर्यंत वायर पुरेल ना, हे दोरी लावून बघा.

१. मीटरसोबत एक चुंबक आणि वायरला जोडलेला सेन्सर येतो; चुंबक समोरून गेला की सेन्सर एक फेरा मोजतो. चुंबक पुढच्या चाकाच्या स्पोकला, हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) जितका जवळ जमेल तितका बसवा. तिथे तो सेन्सरसमोरून सावकाश जातो, त्यामुळे वेगातही फेरा चुकत नाही. अलॉय व्हील असेल तर अॅराल्डाइटने चिकटवा आणि रात्रभर सुकू द्या.

२. सेन्सर शॉकअपच्या खालच्या, चाकाबरोबर वरखाली होणाऱ्या नळीवर केबल टायने बांधा. चुंबकापासून अंतर दोन-तीन मिलिमीटर.

३. आता चाकाचा घेर. टायरमध्ये नेहमीची हवा भरा, टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, बाइकवर बसून सरळ रेषेत एक पूर्ण फेरा पुढे न्या आणि टेपने मोजा. २.७५-१८ टायरला हे माप साधारण १८५०–१९०० मिमी येतं. मीटरच्या माहितीपत्रकातल्या तक्त्यातला आकडा न घेता स्वतः मोजलेलाच मीटरमध्ये भरा, सगळी अचूकता त्यावरच आहे.

वायर ब्रेकच्या केबलसोबत वर न्या आणि थोडी सैल ठेवा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, पुढचा शॉकअप दाबून बघा: वायर ताणली जाता कामा नये, चाकाला किंवा डिस्कला तर अजिबात लागता कामा नये.