घोडदळातल्या पूर्वजाची पदकं वाचताना या चुका टाळा

पहिल्या महायुद्धात लढलेल्या जमादाराची किंवा रिसालदाराची (घोडदळातल्या भारतीय अधिकाऱ्यांची) पदकं घरात सापडली की पहिली चूक मोरीवरच होते. चिंच, लिंबू नाहीतर भांड्यांची पावडर लावून ती लख्ख घासली जातात. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं आणि व्हिक्टरी मेडल ब्राँझचं, दोन्हींचा व्यास ३६ मिलिमीटर. हुद्दा, नाव, रिसाला (घोडदळाची रेजिमेंट) हे सगळं त्यांच्या कडेवर बारीक अक्षरांत ठोकलेलं असतं. ही अक्षरं उथळ असतात, घासली की झिजतात, आणि एकदा गेली की ते पदक कुणाचंही असू शकतं. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा, बस्स.

मग उजेड बाजूने तिरपा पाडा आणि पदक हळूहळू फिरवत दहापट भिंगातून कड वाचा. जसं दिसेल तसंच उतरवा. इंग्रज कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलेलं नाव सुधारू नका, कारण दफ्तरात तेच स्पेलिंग शोधावं लागतं. विकत घेतलेलं पदक असेल तर व्हर्निअर कॅलिपरने दोन-तीन बाजूंनी व्यास मोजा. तो ३६ पेक्षा स्पष्ट कमी भरला, तर जुनं नाव कानशीने उडवून नवं घातल्याची शंका घ्यावी.

सगळ्यात जास्त घोळ ताऱ्यांत, म्हणजे ताऱ्याच्या आकाराच्या पदकांत, होतो. १९१४ स्टार आणि १९१४-१५ स्टार या दोघांची फीत अगदी सारखी, लाल-पांढरी-निळी. म्हणून फितीवरून काहीच ठरवू नका; मधल्या पट्टीवरचं वर्ष वाचा आणि नावासाठी तारा उलटा करा. ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या काळात फ्रान्स-बेल्जियममध्ये असलेल्यालाच १९१४ स्टार मिळाला. एकाच माणसाला दोन्ही तारे मिळत नसत. एका चौकटीत दोन्ही असतील तर एक दुसऱ्याचा आहे.

इथे ‘आजोबा पूना हॉर्समध्ये होते’ एवढी घरची आठवण पुरत नाही. ३४वी पूना हॉर्स ऑक्टोबर १९१४ मध्ये फ्रान्सला उतरली आणि २ नोव्हेंबरला न्यूव्ह शापेलला तिचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल स्वान्स्टन मारले गेले. म्हणजे तिच्याबरोबर तेव्हा गेलेल्याकडे १९१४ स्टार हवा. ३३वी लाइट कॅव्हलरी मात्र मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) लढली. तिथल्या स्वाराला १९१४-१५ स्टार. युद्धानंतर हे दोन्ही रिसाले एकत्र करून १७वी पूना हॉर्स झाली. त्यामुळे १९१४ च्या कागदांत ‘१७’ शोधत बसलात तर भलत्याच रिसाल्यात, १७व्या कॅव्हलरीत, जाऊन पोचाल. डेक्कन हॉर्सचंही तेच: २०वी आणि २९वी मिळून ९वी झाली.

दुसऱ्या रिसाल्याला जोडून दिलेली माणसं हा आणखी एक फसवा भाग. लान्स दफादार गोविंद सिंग २८व्या लाइट कॅव्हलरीचे, पण १ डिसेंबर १९१७ ला कांब्रेच्या लढाईत ते २ऱ्या लान्सर्सबरोबर होते. भर गोळीबारात दीड मैल उघड्या रानातून त्यांनी तीनदा निरोप पोचवला. तिन्ही वेळा घोडा गोळी लागून पडला आणि उरलेली वाट त्यांनी पायी काढली. त्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस गॅझेटमध्ये (सरकारी राजपत्रात) आला ११ जानेवारी १९१८ ला. गॅझेटची तारीख ही पराक्रमाची तारीख नव्हे. युद्ध-डायरी (रिसाल्याची रोजची नोंदवही) उघडताना काही आठवडे, कधी काही महिने, मागे जा.

इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट आणि इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल ही शौर्यपदकं साध्या स्वारालाही मिळू शकत, त्यामुळे त्यावरून ‘अधिकारी होते’ असं ठरवू नये. ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया मात्र भारतीय अधिकाऱ्यांसाठीच होती. ‘सरदार बहादूर’ आणि ‘बहादूर’ हे किताब तिचेच.

चौकटीत लावताना शौर्यपदक आधी, मग तारा, वॉर मेडल, व्हिक्टरी, पाहणाऱ्याच्या डावीकडून उजवीकडे. ताऱ्याच्या फितीची लाल बाजू पाहणाऱ्याच्या डावीकडे यायला हवी. शिवताना ती हमखास उलटते.