जुन्या घरात स्मार्ट स्विच बसवताय? न्यूट्रलच्या या चुका टाळा

सदाशिव पेठेत मावशीच्या घरी पॅसेजला स्मार्ट स्विच बसवला आणि दुसऱ्याच रात्री दीड वाजता तिचा फोन, "अरे तुझा तो दिवा झोपत नाहीये, बंद केला तरी लुकलुकतोय, काय करू?" मी अर्धवट झोपेत म्हटलं बल्ब काढून ठेव आणि झोप. आता हा सल्ला पण चुकीचाच होता, का ते पुढे येईलच. एकूण त्या एका पॅसेजच्या दिव्याने मला जे शिकवलं ते स्विचच्या डब्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

साध्या स्विचला न्यूट्रल, म्हणजे वीज परत जायची तार, लागतच नाही. वीज घेऊन येणारा फेज आला, स्विचमधून पुढे बल्बकडे गेला, बास. न्यूट्रल बल्बला परस्पर मिळतो. जुन्या वायरमन लोकांनी तार वाचवायला न्यूट्रल वरच्यावर एका लाईट पॉइंटवरून दुसऱ्यावर लूप केला आणि बोर्डात दोनच तारा उतरवल्या, एक फेज आणि एक दिव्याकडे जाणारी. त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही, स्विचला चोवीस तास जागं राहून वायफायशी गप्पा मारायच्या आहेत हे तेव्हा कुणाच्या स्वप्नात तरी होतं का. स्मार्ट स्विचच्या आत छोटा रेडिओ असतो, त्याला सतत थोडी वीज लागते, आणि त्यासाठी फेज आणि न्यूट्रल दोन्ही हवेत. घोळ तिथे सुरू होतो.

पहिली चूक म्हणजे "जुनं घर आहे ना, मग न्यूट्रल नसणारच" असं धरून चालणं आणि महागातले बिगर-न्यूट्रल स्विच सगळ्या घराला ऑर्डर करून टाकणं. अहो, आधी बोर्ड बघा. आपल्याकडे बऱ्याच बोर्डांवर स्विचच्या शेजारी एक प्लग असतो, मोबाईल चार्जरचा, मिक्सरचा, कसला तरी. प्लग चालतो म्हणजे त्या बोर्डात न्यूट्रल आहेच, त्याशिवाय चालेल कसा! बोर्डावर लाल इंडिकेटर वेगळा लावलेला असेल तरी बहुतेक न्यूट्रल आलेला असतो. खरी अडचण येते ती नुसत्या एका-दोन स्विचच्या बोर्डांना, म्हणजे पॅसेज, बाथरूमबाहेरचा, जिन्यातला टू-वे (खालून-वरून दोन्हीकडून चालणारा), बाल्कनी. मावशीच्या घरात अकरा बोर्ड, त्यातल्या फक्त तीनात न्यूट्रल नव्हता, आणि मी शहाण्याने सुरुवात नेमकी त्या तिनातल्या एकापासून केली.

आता मेन बंद करून बोर्ड उघडला की दुसरी चूक होते, आणि ही इतकी फसवी आहे की मुरलेला वायरमन पण फसतो. वाड्यांमध्ये आणि पानशेतच्या पुरानंतर, म्हणजे 1961 नंतर झालेल्या वसाहतींमध्ये तारांच्या रंगावर जायचं नाही. लाल म्हणजे फेज आणि काळा म्हणजे न्यूट्रल हे पुस्तकात. मावशीच्या लाकडी बोर्डात काळे गोल टम्बलर स्विच, मागे सुती वेष्टणाच्या तारा, पन्नास वर्षांच्या धुळीने सगळ्या एकाच रंगाच्या, हात लावला की वेष्टणाचा भुगा पडतोय. मग लोक काय करतात, टेस्टर लावतात, जिथे पेटत नाही ती तार न्यूट्रल म्हणून मोकळे होतात. टेस्टर फक्त फेज दाखवतो हो, न पेटणारी तार न्यूट्रल असेल, अर्थिंगची असेल किंवा कुठेच न जोडलेली मेलेली तार पण असेल.

त्यातही सगळ्यात जास्त फसवते ती दिव्याकडे जाणारी तार. स्विच बंद असताना ती बल्बमधून पलीकडे न्यूट्रलला जोडलेली असते, त्यामुळे मल्टिमीटर फेज आणि तिच्यामध्ये लावला तर चांगले दोनशेच्या वर व्होल्ट दाखवतो आणि आपण म्हणतो सापडला रे न्यूट्रल! तिला मॉड्यूलच्या, म्हणजे स्मार्ट स्विचच्या यंत्राच्या, न्यूट्रलला जोडलं तर पुढची गंमत बघा. बल्ब जुना फिलामेंटचा असेल तर मॉड्यूल चालू होतं, ॲपमध्ये ऑनलाईन दिसतं, तुम्ही खूश. लाईट लावा म्हटलं की आतला रिले (विजेने उघडझाप होणारा स्विच) फेज त्याच तारेवर देतो, म्हणजे मॉड्यूलच्या दोन्ही बाजूंना फेजच आला, त्याला वीज मिळेना, ते मेलं, रिले सुटला, रिले सुटला म्हणून परत वीज मिळाली, परत जागं झालं... भिंतीतून टक टक टक टक आवाज येत राहतो. एलईडी बल्ब असेल तर बहुतेक वेळा धड चालूच होत नाही. तर "लाईट लावला की स्विच ऑफलाईन जातो" अशी तक्रार असेल तर वायफायला शिव्या घालण्याआधी हे तपासा. तपासायचं कसं, तर मेन बंद करून बल्ब होल्डरमधून काढा, मेन लावा आणि परत मोजा. खरा न्यूट्रल असेल तर दाखवत राहील, दिव्याची तार असेल तर आकडा पडेल. पूर्ण शून्य होईलच असं नाही, डिजिटल मीटर लोंबकळत्या तारेवर पण उगाच पन्नास-ऐंशी व्होल्ट दाखवतात. म्हणून जुने वायरमन होल्डरला दोन तारा लावलेला साठ वॅटचा बल्ब जवळ ठेवतात ना, तो मला मीटरपेक्षा भरवशाचा वाटतो, फेज आणि संशयित तारेत लावला आणि फक्क पेटला तर बहुतेक न्यूट्रल (अर्थवर पण पेटू शकतो, ती तार अर्थची नाही ना हे वेगळं बघा), मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर तार सोडा. हे काम चालू लाईनवर होतं त्यामुळे हात सरावलेला नसेल तर परवाना असलेल्या वायरमनलाच करू द्या, यात पुणेरी काटकसर नको.

न्यूट्रल मिळत नाही म्हटल्यावर अर्थची हिरवी तार न्यूट्रलच्या जागी जोडणारे पण भेटतात. "चालतंय ना साहेब" असं वर म्हणतात. चालतं हो, चालणारच, पण अर्थ कुठे तुटलेला असेल, आणि जुन्या घरात तो तुटलेला नाहीतर नळाच्या पाइपला गुंडाळलेला असतो, तर त्याच अर्थला जोडलेल्या फ्रीज आणि गीझरच्या बॉडीवर मॉड्यूलमधून फेज येऊन बसतो. हे कुणी करत असेल तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

शेजारच्या बोर्डातून न्यूट्रल ओढून आणणं ऐकायला ठीक वाटतं, आणि सर्किट तेच असेल तर ठीकच आहे. पण सर्किट वेगळं असेल तर नाही. आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) जाणारा आणि परत येणारा करंट तोलत असतो, घरगुती आरसीसीबी साधारण 30 मिलीअँपिअरच्या फरकाला पडतो, आणि इथे मॉड्यूलचा करंट एका आरसीसीबीतून गेला न् परत आला भलत्याच वाटेने, तर असे काही मॉड्यूल साठले की तो उगाच पडायला लागू शकतो. आरसीसीबी नसेल तर ट्रिप होणार नाही पण ते जास्त वाईट, कारण लाईटचा एमसीबी बंद करून काम करणाऱ्याच्या हातातल्या न्यूट्रलवर दुसऱ्या सर्किटचा करंट असू शकतो. इन्व्हर्टरच्या लाईनचा फेज आणि मेनचा न्यूट्रल ही खिचडी पण तशीच. आणि वाड्यात तर भावाभावांत मीटर वेगळे झाले तरी वायरिंग एकमेकांच्या खोलीतून गेलेलं असतं, न्यूट्रल आपला समजून काकांच्या मीटरचा उचललात तर वीज राहू द्या, भांडणाचा शॉक आधी बसेल.

मग राहिला बिगर-न्यूट्रल स्विच, जो मी मावशीकडे लावला होता. तो स्वतःसाठी लागणारी थोडीशी वीज बल्बमधूनच ओढतो, बंद असताना पण. पूर्वीच्या साठच्या बल्बला एवढ्याशा करंटने काही व्हायचं नाही, पाच वॅटच्या एलईडीला मात्र तेवढा पुरतो, त्याच्या आतला कॅपॅसिटर हळूहळू भरतो, लुक करून पेटतो, रिकामा होतो, परत भरतो. मावशीचा न झोपणारा दिवा तो हाच. खात्री करायची असेल तर त्या होल्डरला एकदा जुना फिलामेंटचा बल्ब लावून बघा, लुकलुक थांबली तर स्विच चांगला आहे, लोड कमी पडतोय. कमीत कमी किती वॅट हवेत ते स्विचच्या कागदावर असतं, तो कागद आपण डब्याबरोबर फेकतो. उपाय म्हणजे बायपास कॅपॅसिटर, बऱ्याच कंपन्या डब्यातच देतात, तो बल्बच्या समांतर लाईट पॉइंटवर लावायचा, स्विचवर नाही. इथे आमच्याकडे आलेल्या एका वायरमन दादांनी खिशातून पंख्याचा अडीच एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा) कॅपॅसिटर काढला, "कॅपॅसिटर तो कॅपॅसिटर". तसं नसतं, तो या कामासाठी फार मोठा आहे. त्याच कंपनीचा घ्या, नाही मिळाला तर बुधवारातल्या तपकीर गल्लीत जाऊन स्विचचा कागद दाखवून आणि एक्स 2 रेटिंग, म्हणजे घरच्या मेन लाईनवर लावायचा सुरक्षित प्रकार, सांगून घ्या.

आणि तो बल्ब काढून ठेवण्याचा सल्ला. बिगर-न्यूट्रल स्विच बंद असला तरी होल्डर पूर्ण मेलेला नसतो, त्यातून करंट झिरपतच असतो. म्हणजे मी मावशीला रात्री दीडला स्टुलावर चढून जिवंत होल्डरमध्ये हात घालायला सांगितलं होतं. बल्ब बदलताना मेन बंद, नेहमी.

पंखा अशा स्विचवर लावू नका, आणि डिमरवर तर नकोच, गुणगुणतो आणि तापतो. पंख्याचं वेगळं मॉड्यूल येतं, ते लावलं की जुना रेग्युलेटर मधून काढायचा. बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या नव्या पंख्याला त्याचा रिमोट आहे, त्याला नुसता साधा ऑन-ऑफ पुरे. गीझर छोट्या मॉड्यूलवर नको, 16 अँपिअरचं लागतं. लोखंडी बॉक्समध्ये मॉड्यूल कोंबलंत तर वायफाय मरतं, शिवाय बहुतेक मॉड्यूल 2.4 गिगाहर्ट्झवरच चालतात.

मावशीकडे शेवटी कॅपॅसिटर लावलाच नाही. न्यूट्रल दिव्यापाशी असतोच, म्हणून मॉड्यूलच वर छतापाशी नेलं, खाली बोर्डात दोन तारा कायमच्या जोडून टाकल्या म्हणजे वर सतत फेज, आणि टम्बलरच्या जागी बॅटरीवरचं बिनतारी बटण चिकटवलं. भिंत फोडावी लागली नाही, लुकलुक पण गेली. नंतर गुरुवारी मेंटेनन्सला लाईट गेली आणि आल्यावर पॅसेजचा दिवा आपोआप लागला, तेव्हा परत फोन आला, पण ती चूक वायरिंगची नव्हती, ॲपमध्ये वीज परत आल्यावर दिवा बंदच राहील ही सेटिंग करायची मी विसरलो होतो.