थारला चिलखत चढवताना

बंपर आणि दिव्यांच्या पट्ट्यांवर पैसे घालवायच्या आधी एकदा गाडीखाली आडवे होऊन वर बघा. आंबोलीकडच्या जांभ्या दगडाला तुमचा बंपर दिसत नाही, ऑइल संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) मात्र बरोबर सापडतो. म्हणून पहिला खर्च स्किड प्लेटचा, म्हणजे गाडीचं पोट झाकणाऱ्या जाड पत्र्याचा.

मी 3 मिमी पोलादाची घेतो. वजन चौरस मीटरला साधारण 23.5 किलो, 6 मिमी अ‍ॅल्युमिनियमचं 16. तरी पोलादच, कारण ते दगडावरून घसरतं, मऊ अ‍ॅल्युमिनियम दगडात रुततं. शिवाय वाकलं तर गावातला वेल्डरही ठोकून सरळ करून देतो. प्लेटला ऑइल काढायचं भोक आहे का, ते दुकानातच पाहा. नाहीतर दर सर्व्हिसिंगला अख्खी प्लेट उतरवत बसा.

रॉक स्लायडर, म्हणजे दाराखाली दगडाचा मार झेलणारे दांडे, चासीलाच (गाडीच्या मुख्य सांगाड्यालाच) बसायला हवेत. दाराखालच्या पत्र्याला अडकवलेला पाइप म्हणजे नुसता फूटबोर्ड, त्यावर गाडीचा भार पेलणार नाही.

बसवताना चासीतली मूळ भोकंच वापरा. बोल्ट 8.8 ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे. सगळे आधी हातानं लावा, प्लेट जागेवर आली की मग टॉर्क रेंचनं (ठरावीक जोरानं आवळायच्या पान्यानं) आवळा, आणि पहिल्या खडबडीत फेरीनंतर पुन्हा एकदा. कोकणातल्यांनी कापलेल्या कडांना झिंक प्रायमर मारायचाच. गंज तिथूनच धरतो.

बुलबार, म्हणजे पुढच्या बंपरवरचा लोखंडी गार्ड? नको. केंद्राने 2017 मध्येच बेकायदा ठरवलाय. पादचाऱ्याला धोका तर आहेच, एअरबॅगच्या सेन्सरचं गणितही बिघडू शकतं.